मागच्या पंगतीचे धनको

कर्ज देतो तो धनको आणि घेतो तो ऋणको, एवढे व्यवहारज्ञान मराठी माणसास शाळेतील अंकगणिताच्या पुस्तकातच मिळते. परंतु धनकोंमध्येही थोरले-धाकटे असतात, आणि ऋणको बुडाला म्हणजे सर्व धनकोंच्या पदरी सारखेच माप पडत नाही, हे ज्ञान मात्र त्यास बहुधा संकट दारात येऊन उभे राहिल्यावरच होते. पनवेलकरांस ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये झाले. रिझर्व्ह बँकेने त्या महिन्यात पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला आणि शेकडा पंचाण्णव ठेवीदारांस त्यांची संपूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल असे जाहीर केले. हे आश्वासन मोठेच होते. परंतु उरलेल्या शेकडा पाचांनी पाच लाखांवरच्या रकमेसाठी अवसायकाच्या दाराशी बसावे आणि बँकेचे भाग घेतलेल्या सभासदांनी त्यांच्याही मागे उभे राहावे, हा त्याच आश्वासनाचा दुसरा अर्थ होता. तो कोणी मोठ्याने वाचून दाखविला नाही.

या रांगेचा प्रश्न केवळ पनवेलचा नाही. नवी मुंबई हे निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि जमिनीचा मोबदला यांवर उभ्या असलेल्या हजारो संसारांचे नगर आहे. वाशी-नेरूळच्या वसाहतींत निवृत्त कारकून व शिक्षक राहतात. साडेबारा टक्क्यांच्या योजनेतील भूखंड विकून ज्यांच्या हाती एकरकमी पैसा आला असे प्रकल्पग्रस्त गावोगावी आहेत. अशा पैशाच्या वासावर अधिक व्याजाची आमिषे येतात. त्या अधिक व्याजाच्या पोटी पुष्कळदा जी वस्तू दडलेली असते, तिचे नाव दुय्यम ऋण. तिचा अर्थ आमच्या वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावा, म्हणून आज हे स्थळ आम्ही त्या विषयास देत आहोत.

दुय्यम ऋण म्हणजे काय? जो धनको कर्ज देतानाच असे लिहून देतो की, ऋणको अडचणीत आला तर इतर धनकोंचे देणे भागल्याखेरीज मी हात पुढे करणार नाही, त्याचे कर्ज ते दुय्यम ऋण. आपल्याकडील पंगतीचीच उपमा घ्यावी. पहिल्या पंगतीस पान भरून मिळते. मागच्या पंगतीस पातेल्यात जे उरेल ते. यजमानाच्या घरी अन्न मुबलक असेल तोवर मागच्या पंगतीस बसण्यात काहीच तोटा नाही, उलट तिला जास्त दक्षिणा द्यावयाची रीत असेल तर लाभच आहे. परंतु अन्न कमी पडले की पहिली पंगत उठेपर्यंत पातेले रिकामे होते आणि मागचे उपाशी उठतात. दुय्यम रोख्यांवर मिळणारे अधिक व्याज म्हणजे ही जास्तीची दक्षिणा. ते बँकेच्या कार्यक्षमतेचे बक्षीस नव्हे किंवा अधिकाऱ्याने आपल्यावर केलेली मेहेरबानीही नव्हे. ते मागे बसण्याचे मोल आहे.

या पंगतींचा क्रम कायद्याने लावून दिलेला आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनीची मालमत्ता विकून आलेल्या पैशातून प्रथम त्या कारवाईचा खर्च भागतो. त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि आपले तारण अवसायनाच्या खात्यात सोपविलेल्या धनकोंची देणी एकाच पायरीवर येतात. मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन, मग विनातारण वित्तीय कर्ज, मग सरकारचा कर, मग उरलेली देणी, त्यानंतर अग्रहक्क भागधारक आणि अगदी शेवटी सामान्य भागधारक. धंद्याचा नफा ज्याला, त्याच्यावर तोटाही प्रथम कोसळावा, हे या क्रमामागील तत्त्व आहे. दुय्यम ऋणाचा धनको या जिन्यावर आपण होऊन एक पायरी खाली उतरतो. परंतु तो भागधारकाच्या वरच उभा असतो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील साऱ्या कलहाचे मूळ त्यात आहे.

अशा ऋणात मुळात काही पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. तुर्भे, महापे, रबाळे येथील लहान कारखानदार बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी जातो, तेव्हा त्याने किंवा त्याच्या मेहुण्या-भावाने धंद्यात घातलेली विनातारण रक्कम बँकेचे कर्ज फिटेपर्यंत काढणार नाही असे बँक पुष्कळदा लिहून घेते. ते दुय्यम ऋणच होय. आणि त्याच्याच बळावर बँक निर्धास्तपणे पुढचे कर्ज देते. महासाथीच्या काळात, २०२० च्या जून महिन्यात, केंद्र सरकारने अडचणीतील लघुउद्योगांसाठी दुय्यम ऋणास हमी देणारी योजना आणली, तिचे मर्मही हेच होते. मालकाला त्याच्या हिश्शाच्या पंधरा टक्के किंवा पंचाहत्तर लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढे कर्ज मिळावे, ते त्याने भांडवल म्हणून कारखान्यात घालावे आणि थकलेल्या गाड्यास पुन्हा चालना द्यावी, असा तिचा हेतू होता. ज्याला धंद्याची नाडी माहीत आहे, त्याने जाणूनबुजून मागे बसणे हा व्यापारातील सरळ व उपयुक्त व्यवहार आहे. प्रश्न उद्भवतो तो न कळता मागे बसविलेल्या माणसाचा.

बँकांस हे ऋण का हवे असते, तेही पाहिले पाहिजे. बँक चालते ती लोकांच्या ठेवींवर. कर्जे बुडू लागली तर तो तोटा ठेवींपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये भांडवलाची भिंत असावी लागते. २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर बासेल येथे जे नियम ठरले, त्यांप्रमाणे या भिंतीचे काही थर भागभांडवलाचे, तर काही दुय्यम रोख्यांचे असतात. भारतात हे नियम २०१३ पासून लागू होऊ लागले. त्यांतील एका प्रकारच्या रोख्यांस मुदतच नसते. बँकेने नफा कमावला नाही तर त्यांवरील व्याज चुकू शकते, आणि बँक मोडकळीस आली असे ठरले तर मुद्दल निर्लेखित होऊ शकते, म्हणजे कागदावरूनच पुसले जाऊ शकते. यास ‘अतिरिक्त प्रथम स्तरीय रोखे’ असे भारदस्त नाव आहे. त्या नावावरून सामान्य माणसाची समजूत काय व्हावी? ‘अतिरिक्त’ आणि ‘प्रथम’ हे दोन्ही शब्द ऐकून त्यास आपण सर्वांच्या पुढे बसलो असेच वाटेल. प्रत्यक्षात तो बसलेला असतो भागधारकांच्या जेमतेम एक पाऊल पुढे.

येस बँकेच्या प्रकरणाने या नावामागील वस्तुस्थिती उघडी केली. मुंबईच्या या बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले आणि ठेवीदारास पन्नास हजारांपलीकडे रक्कम काढता येईना. १३ मार्च रोजी पुनर्रचनेची योजना अधिसूचित झाली, स्टेट बँकेच्या पुढाकाराने नवे भांडवल आले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या पाच-सहा दिवसांतच, १४ मार्च रोजी, बँकेच्या प्रशासकाने ८,४१५ कोटी रुपयांचे अतिरिक्त स्तराचे रोखे निर्लेखित केले. नऊ व साडेनऊ टक्के व्याजाच्या आशेने ज्यांनी ते घेतले होते, त्यांच्या हाती शून्य आले.

हे रोखे मोठ्या वित्तसंस्थांनीच घेतले असते तर ती धंद्यातील ठेच म्हणून सोडून देता आली असती. परंतु सेबीने एप्रिल २०२१ मध्ये येस बँकेस पंचवीस कोटी रुपयांचा दंड केला, त्या आदेशात नोंदविलेले आकडे वेगळीच कथा सांगतात. १,३४६ व्यक्तींनी सुमारे ६७९ कोटी रुपये या रोख्यांत घातले होते. त्यांतील १,३११ जण बँकेचे स्वतःचेच ग्राहक होते. २७७ ग्राहकांनी तर आपल्या मुदत ठेवी मुदतीपूर्वीच मोडून सुमारे ऐंशी कोटी रुपये या रोख्यांकडे वळविले होते. हे रोखे मुदत ठेवीसारखेच, किंबहुना तिच्याहून सरस, असे भासवून विकले गेले असा सेबीचा निष्कर्ष होता. बँकेने त्याविरुद्ध अपील केले. त्या वादाच्या कायदेशीर बाजूत शिरण्याचे आम्हांस कारण नाही. पहिल्या पंगतीत पान मांडून बसलेल्या माणसास उठवून मागच्या पंगतीत नेले गेले, आणि तेही त्यास अधिक मान दिल्याच्या आविर्भावात, एवढे या आकड्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली आणि आमच्या मते ती अधिक गंभीर आहे. भागधारक सर्वांच्या मागे, हा नियम आम्ही वर सांगितला. येस बँकेत मात्र रोखेधारकांचे सर्व गेले आणि भागधारकांचे भाग कायम राहिले. शंभरांहून अधिक भाग असलेल्यांस त्यांतील पंचाहत्तर टक्के भाग तीन वर्षे विकण्याची मनाई झाली, एवढेच. म्हणजे मागून दुसरी पंगत उपाशी उठली आणि सर्वांत शेवटच्या पंगतीच्या पानावर काही तरी राहिले. २० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रशासकाचा हा निर्णय रद्द ठरविला. योजनेच्या मसुद्यात असलेली निर्लेखनाची तरतूद अंतिम योजनेत नव्हती, आणि ती योजना अधिसूचित झाल्यावर प्रशासकास असा निर्णय घेण्याचा अधिकार उरला नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व त्या निकालास स्थगिती मिळाली. ज्यांचे उतारवयातले पैसे अडकले, त्यांना मात्र कोर्टाच्या तारखा मोजण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

असे केवळ आपल्याकडेच होते असेही नाही. स्वित्झर्लंडसारख्या सावकारीत मुरलेल्या देशात, २०२३ च्या मार्चमध्ये क्रेडिट स्विस ही दीडशेहून अधिक वर्षांची बँक यूबीएसच्या पदरात घालण्यात आली. तेथेही सुमारे सोळा अब्ज फ्रँकचे असेच रोखे पुसले गेले आणि भागधारकांस मात्र तीन अब्ज फ्रँकच्या घरात मोबदला मिळाला. जगभर त्यावर कोलाहल झाला. याउलट नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली, तेव्हा ३१८ कोटींचे द्वितीय स्तराचे दुय्यम रोखे बुडाले खरे, परंतु त्याबरोबर भागभांडवलही संपूर्ण निर्लेखित झाले. तोटा कडू होता. पण तो क्रमाने वाढला गेला. क्रम पाळला गेला तर बुडालेला मनुष्य नशिबास बोल लावतो. क्रम मोडला तर तो व्यवस्थेस बोल लावतो, आणि व्यवस्थेवरील विश्वास उडाला की बँकेच्या तिजोरीस कोणतेही कुलूप पुरत नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो आम्हांस ठाऊक आहे. ज्याला साडेनऊ टक्क्यांचा मोह पडला, त्याने धोकाही सोसावा. रोख्याच्या दस्तऐवजात सारे छापलेले होते, असे म्हणणारे म्हणतील. मोठ्या संस्थांच्या बाबतीत हा आक्षेप आम्ही मान्य करतो. त्यांच्या पदरी कायदेपंडित व हिशेबतज्ज्ञ असतात. परंतु निवृत्त मुख्याध्यापकास किंवा उलव्याच्या शेतकऱ्यास बारीक टाइपातील इंग्रजी दस्तऐवज पुढे करून ‘येथे सही करा’ म्हणणे म्हणजे माहिती देणे नव्हे. छापलेले आणि समजावलेले यांत फरक आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. शिवाय ज्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून ठेव मोडली जाते, तो ग्राहकाच्या दृष्टीने विक्रेता नसून त्याच्या पैशाचा राखणदार असतो. राखणदारानेच दार उघडून दिले तर घरधन्यास हावरा म्हणून हिणविणे न्यायाचे होणार नाही. सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये अशा रोख्यांचे किमान मोल एक कोटी रुपये ठरविले आणि ते प्रथम विक्रीस केवळ पात्र वित्तसंस्थांसाठीच ठेवले, यातच त्या आक्षेपाचे उत्तर आले आहे. पाणी वाहून गेल्यावर का होईना, बांध घातला गेला.

परंतु तो बांध सगळ्या वाटा अडवीत नाही. आमच्या सहकारी बँकांकडेच पाहा. कर्ज घेणाऱ्याने कर्जाच्या काही टक्के रकमेचे भाग घेतले पाहिजेत, ही तेथील जुनी प्रथा. कर्ज फिटले तरी ते भाग तसेच पडून राहतात, आणि वर्षाकाठी लाभांश येतो म्हणून सभासद ती आपली ठेवच समजतो. ती ठेव नव्हे, तिला विमा नाही, आणि बँक बुडाल्यास तिची पाळी सर्वांत शेवटी. त्याखेरीज नागरी सहकारी बँकांस ‘दीर्घ मुदतीच्या दुय्यम ठेवी’ घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. त्यांची मुदत किमान पाच वर्षांची असते. त्यांस ठेव विम्याचे संरक्षण नसते. आणि इतर ठेवीदारांचे देणे भागल्यावरच त्यांचा क्रम येतो. बँकेचे भांडवल वाढविण्याचा हा मार्ग योग्यच आहे. परंतु ‘ठेव’ हा शब्द आपल्या घरात ज्या विश्वासाने उच्चारला जातो, तो विश्वास या वस्तूस आपसूक चिकटतो, हे विसरून चालणार नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा अनुभव अजून ताजा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले तेव्हा प्रथम खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत परत मिळावयाच्या, असे योजनेने ठरविले. संस्थात्मक ठेवीदारांच्या ठेवींचा मोठा हिस्सा तर एक टक्का लाभांशाच्या अग्रहक्क भागांत रूपांतरित झाला. म्हणजे ज्या सोसायटीने गच्चीच्या दुरुस्तीसाठी गंगाजळी ठेवली, ती बघता बघता धनकोची भागधारक झाली. करार करून मागे बसणे निराळे आणि सरकारी अधिसूचनेने मागे सरकविले जाणे निराळे. पण दोहोंचे फळ एकच, आणि म्हणूनच पहिल्या पंगतीतील जागाही अढळ नाही हे सर्वांनी ओळखावे.

मग करावे काय? आमची पहिली मागणी साधी आहे. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. कोणाचा बोजा आहे ते त्यात लिहिलेले असते आणि अडाणी शेतकरीही तो रकाना वाचून घेतल्याखेरीज जमीन घेत नाही. तसाच रकाना प्रत्येक ठेव पावतीवर, रोख्यावर आणि भाग-दाखल्यावर, पहिल्या पानावर, ठळक मराठीत असावा. ‘ही रक्कम विमा असलेली आहे किंवा नाही, संस्था बुडाल्यास आपला क्रम अमुक, आपल्या पुढे अमुक अमुक आहेत.’ एवढ्या तीन ओळी पुरेत. दुसरी मागणी अशी की, मुदत ठेव मोडून दुसरे काही घेण्याचा सल्ला बँकेच्या नोकराने दिला, तर तो लेखी द्यावा आणि त्याखाली त्याची स्वतःची सही असावी. जो सल्ला लिहून देण्याची छाती होत नाही, तो तोंडी तरी का द्यावा? तिसरी मागणी सहकारी बँकांच्या संचालकांकडे आहे. वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्केवारीवर टाळ्या घेण्यापूर्वी सभासदांचे भाग कितव्या पंगतीत बसतात, हे त्यांनी एकदा सांगावे. चौथी मागणी सरकार व रिझर्व्ह बँक यांजकडे आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. बँक वाचविण्याच्या धावपळीतही पंगतींचा क्रम उलटा होऊ नये. भागधारकाने आधी सोसावे, मग दुय्यम धनकोने, आणि ठेवीदाराने सर्वांत शेवटी. या क्रमास अपवाद करावयाचा असेल, तर तो योजनेत स्पष्ट लिहून व त्याची कारणे देऊन करावा.

या देशात ठेवींचा विमा आला तोही ठेच लागल्यावरच. १९६० साली केरळातील पालाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा १९६२ पासून पंधराशे रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण मिळाले. ती मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीत पाच लाखांवर गेली. प्रत्येक वेळी आधी संसार बुडाले आणि मग नियम आला. हा क्रम तरी आता बदलावा.

वाचकांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. शेजारच्या बँकेपेक्षा दोन टक्के अधिक कोणी देऊ लागला, तर ‘का?’ हा प्रश्न विचारण्यास लाजू नका. यास विमा आहे काय, मुदत आहे काय, आणि माझ्या आधी कोणाकोणाचे देणे भागेल, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या व उत्तरेही कागदावरच मागा. उत्तर समजले आणि तरीही मागे बसावेसे वाटले, तर खुशाल बसा. तो तुमचा अधिकार आहे. परंतु मुलीच्या लग्नाचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा पैसा मागच्या पंगतीत बसवू नका. जो पैसा गेला तरी घरातील चूल पेटती राहील, तेवढाच पैसा धाडसासाठी असतो.

ऋण दुय्यम असू शकते; ऋणाविषयीचे सत्य दुय्यम असता कामा नये. ज्याचा पैसा, त्यास त्याचे स्थान आधी सांगावे आणि मगच त्याच्यापुढे सहीसाठी लेखणी करावी, एवढी सचोटी बँकांकडून आणि त्यांच्या नियंत्रकांकडून मागण्याचा या शहरास पूर्ण अधिकार आहे.